एक जूनची माणसं

जांभूळवाडी, सिद्धगडाच्या पायथ्याशी, ता. मुरबाड
२४ ऑगस्ट २०२५

मशीनच्या काचेवर अंगठा टेकवून ‘नंतर या’ ऐकलेल्या मुरबाड-शहापूरच्या माझ्या माणसांनो,

तुम्हाला सांगतात, सर्व्हर डाऊन आहे. तुम्ही मान हलवता, चपला घालता आणि डोंगर चढून घरी जाता. सर्व्हर कोणाचा, तो कोण चालवतो, पडला तर जाब कोणाला विचारायचा, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. आपल्याला वाटतं तो पावसासारखा आहे, आला तर आला. मी सांगतो, पावसाला मालक नसतो. सर्व्हरला असतो.

माझी थोरली बहीण जना. भाताच्या बेणणीत, तण काढताना, तिला घोणस चावली. तालुक्याच्या गावी इंजेक्शन मिळालं, जीव तगला. पण लघवी बंद झाली, तेव्हा रक्त धुवायला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. जीपने नेलं. तिथे सरकारी कार्ड चालतं. काउंटरवरच्या मुलीने जनाचा अंगठा लावला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. पुसून पुन्हा लावला. पुन्हा लाल. मुलगी म्हणाली, “मामा, या कार्डाचं माणूस खरं नाही असं येतंय.”

माझे भावजी धाकलू म्हणाले, “मंग बाकड्यावर ही कोण पडलीय, बाय?”

मुलगी रडवेली झाली. तिचा दोष नाही. आम्ही या खिडकीतून त्या खिडकीत धावत राहिलो आणि जना त्या बाकड्यावरच गेली. खरी नसलेली बाई खरोखर मेली.

लाल पट्टीच्या खाली बारीक अक्षरांत एक नाव होतं. नभद्वार. पाठ करा. मी केलंय.

*

रोशनी, हे आज मुरबाडच्या बाजारात मोठ्याने वाचलं. नक्कल तुला पाठवतो, कारण नभद्वारमध्ये नोकरीला असलेलं माणूस आमच्या घरात एकच आहे. माझ्या आत्याची लेक, जनाच्या मांडीवर वाढलेली. दहाव्याला आलीस, रडलीस, पण कुठल्या कंपनीत काम करतेस हे बोलली नाहीस. मी तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर वाचलं.

उत्तर दे. फोन करू नकोस. फोनवर माणसाला पळवाटा सापडतात.

शाम

———

ऐरोली
३१ ऑगस्ट २०२५

शामदादा,

फोन मीही करणार नव्हते. कंपनीच्या फोनवरचं आणि मेलवरचं सगळं कोणीतरी वाचत असतं. कागदाकडे आता कोणाचं लक्ष नाही.

हो, मी नभद्वारमध्ये आहे. दारं बांधणं हे माझं काम आहे. तुला समजेल असं सांगते. माझे आप्पा जन्मभर भातसाच्या धरणावर दारं उघडझाप करत होते, तसंच काहीसं. दवाखान्याचा संगणक विचारतो, ही बाई या कार्डाची धनीण आहे का? रेशनचं मशीन विचारतं, हे कुटुंब यादीत आहे का? असे ठरलेल्या भाषेत विचारलेले प्रश्न म्हणजे एपीआय. ते सरकारच्या दप्तरात थेट जात नाहीत, आधी आमच्या दारात येतात. विचारणारा कोण, तो किती वेळा विचारतोय, खरा वाटतोय की खोटा, हे दार तपासतं आणि मग आत सोडतं.

दार एकच असेल आणि ते पडलं, तर अख्ख्या राज्याचं काम थांबेल. म्हणून तीन दारं आहेत, तीन वेगळ्या कंपन्यांच्या क्लाउडवर. एक पडलं की प्रश्न पापणी लवायच्या आत दुसऱ्याकडे वळतो. गर्दी वाढली की दारं आपोआप रुंद होतात. ‘आम्ही कधीच बंद नसतो’ असं आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लिहिलंय.

दादा, मी तपासलं. जनाताई गेली त्या दिवशी आम्ही एक क्षणही बंद नव्हतो. दार उघडं होतं, आणि तरी तिला आत घेतलं नाही. बंद असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

मला शोधू दे. एवढं सांग, त्याच्या आधी तिचा अंगठा कुठे आणि कसा लावला होता?

रोशनी

———

जांभूळवाडी
९ सप्टेंबर २०२५

रोशनी,

धरणाची उपमा मला देऊ नकोस. त्या धरणाचं पाणी मुंबईच्या नळाला जातं आणि आमच्या बाया मार्चपासून हंडे घेऊन डोंगर उतरतात. दारं कशी चालतात हे आम्हाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. ती दुसऱ्या बाजूला उघडतात.

अंगठ्याचं विचारलंस, तर सांगतो. श्रावणात कार्डं पक्की करायला मशीनवाला आला होता. वाडीत रेंज नाही, तुला ठाऊक आहे. रेंज फक्त म्हसोबाच्या टेकाडावर. मशीनवाला तिथे छत्रीखाली बसला. मंगळवार होता. मंगळवारी आपल्याकडे गावदेवीचा वार, रानात कोणी विळा चालवत नाही, म्हणून सरकारी काम असेल तर ते मंगळवारी, आणि सगळ्यांनी मिळून. एकट्याने कचेरीच्या कामाला जायचं नाही ही आपली जुनी रीत. एकट्याला फसवतात. तर सगळे पाडे टेकाडावर जमले. मशीनवाला ओरडत होता, “रेंज हाय तवर उरका गो, मावशी!” म्हणून माणसामागे माणूस, अंगठ्यामागे अंगठा, भात झोडल्यासारखं झटझट काम चाललं. मशीन म्हणालं, पडताळणी चालू आहे. आम्ही वडे खाऊन घरी आलो.

यात काय चुकलं? रांगेत उभं राहायला तुम्हीच शिकवलंत ना?

आता माझं मागणं ऐक. तू दारं बांधलीस, तर ती बंद कशी करायची हे तुला येतं. एक दिवस तिन्ही बंद कर. मुंबई, ठाणे, सगळं. त्यांनाही कळू दे, बाकड्यावर माणूस ठेवून खिडकीकडे पाहत राहणं काय असतं. जनाने तुझं काय कमी केलं होतं? दिवाळीच्या सुट्टीत तू यायचीस, तेव्हा स्वतःच्या पोराआधी तुझ्या पानात वाढायची. त्या अन्नाला जाग.

शाम

———

ऐरोली
२८ सप्टेंबर २०२५

शामदादा,

सापडलं. सगळं सांगते, काही झाकत नाही.

तीन दारं बांधताना मी एक गोष्ट मागितली होती. नियम एकाच जागी लिहायचे आणि तिथून तिन्ही दारांना एकाच वेळी पोचवायचे. एका दारात बदल आणि दुसऱ्यात जुनंच, असं कधी राहता कामा नये. आमचे प्रमुख किशोर साहेब. ते म्हणाले, “पहिलं दार जवळजवळ नेहमी चालू असतं. दुसरं-तिसरं दाखवण्यापुरतं. त्याच्यासाठी थांबणार कोण?” म्हणून डोंगराळ भागासाठी मी सैल केलेला नियम फक्त पहिल्या दारावर बसला. दुसऱ्यावर जुनाच राहिला.

तुमच्या त्या मंगळवारी पहिलं दार डागडुजीसाठी बाजूला होतं. तुमचे अंगठे दुसऱ्या दाराकडे गेले. त्या दाराने काय पाहिलं? एकच मशीन, एकच जागा, श्वास घ्यायला फुरसत न देता येणारे प्रश्न, आडनावं दोन-तीनच. आणि सगळ्यांची जन्मतारीख एक जून.

दादा, आपल्याकडे कोणाची एक जून नाही? शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट तीच लिहिली. शाळा न पाहिलेल्यांना कार्ड काढणाऱ्याने तीच दिली. जनाताईची एक जून, धाकलूभावजींची एक जून, माझ्या आप्पांचीसुद्धा एक जून. शहरातल्या खोलीत बसून नियम लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या यंत्राने अनुमान काढलं की कोणीतरी चोर बसून खोटी माणसं तयार करतोय. सबंध वाडीवर ‘बनावट’ शिक्का मारला. नियम तिन्ही दारांचे वेगळे, पण शिक्का मात्र तिन्हीकडे पोचतो.

वाडीचे शिक्के मी एकेक करून हाताने काढले. तेवढा अधिकार मला आहे. नियम मात्र बदलता येत नाही. मोठ्या सरकारी कामाचं प्रात्यक्षिक होईपर्यंत किशोर साहेबांनी बदलबंदी लावलीय. कोणी कशाला हात लावायचा नाही, त्यांच्या सहीचा हुकूम आहे.

दारं बंद करणं माझ्या हातात आहे, आणि मी ते करणार नाही. त्या दारातून या घटकेला कसाऱ्याकडच्या कुठल्यातरी बाळंतिणीचा प्रश्न जात असेल. तिला मी जनाताईच्या बाकड्यावर बसवणार नाही.

जनाताईला मारायचं कोणी ठरवलं नव्हतं रे, दादा.

रोशनी

———

जांभूळवाडी
५ ऑक्टोबर २०२५

कोणी ठरवलं नव्हतं!

घोणशीनेही ठरवलं नव्हतं. पण घोणस दिसली तर आम्ही तिच्याशी चर्चा करत नाही. तुझ्या साहेबाला सांगितलं होतं, समजावलं होतं, आणि तो म्हणाला थांबणार कोण. ज्याला माहीत होतं आणि ज्याने केलं नाही, त्यानेच ठरवलं. माणूस मारायला दर वेळी हात उगारावा लागतो का? ‘नंतर बघू’ म्हटलं तरी पुरतं.

आणि तू त्याच्याच पगारावर बसून मला कसाऱ्याची बाळंतीण दाखवतेस. तू त्यांची माणूस झालीस. पत्र लिहू नकोस.

शाम

———

जांभूळवाडी
११ जानेवारी २०२६

रोशनी,

लिहू नकोस म्हटलं होतं, आता मीच लिहितोय. कारण राग आहे. मैत्री समजू नकोस.

काल तुझा साहेब वाडीत आला होता. पांढरी गाडी ओढ्यापलीकडे ठेवून चालत आला, बुटांना चिखल लागला म्हणून तीनदा खाली पाहिलं. त्याला कोणीतरी सांगितलं, या भागात शाम म्हणून एक भाषण करणारा आहे, त्याच्या शब्दावर माणसं जमतात. तो बसला जनाच्या ओसरीवर. जनाची सून प्रेमा, तिने त्याला चहा दिला. सातवा महिना लागलाय पोरीला.

म्हणाला, “शहापुरात मोठा कार्यक्रम आहे. मोठे अधिकारी, पत्रकार येणार. डोंगरातल्या माणसांना एका क्षणात सेवा कशी मिळते ते सगळ्यांसमोर दाखवायचंय. तुम्ही माणसं आणा. पारंपरिक वेशात. तारपा असेल तर उत्तम. स्वागताचे दोन शब्द तुम्हीच बोला.”

मी विचारलं, “साहेब, तुमची सेवा कधी बंद पडते?”

हसला. “कधीच नाही. कार्यक्रमात मी सगळ्यांदेखत एक क्लाउड स्वतःच्या हाताने बंद करून दाखवणार आहे. तरी काम चालूच राहील. बघाच तुम्ही.”

कोपऱ्यात अंबूबाई सूप घेऊन बसली होती. म्हातारी म्हणाली, “सायेब, आमच्या घरातली एक बाई कायमची बंद पडली. ती चालू करता येते का वो?” त्याला वाटलं विजेचं काही बोलतेय. म्हणाला, “तक्रार नोंदवा, आजी.”

मी कोयता उचलला नाही, याचं मलाच नवल वाटतं. विचारून कळवतो एवढंच म्हणालो. आता खरं सांग, त्याला आमच्या ओसरीवर तू पाठवलंस का? वाडीचा राग शमवायला आणि तारपा वाजवून तोंड पुसायला?

शाम

———

ऐरोली
१६ जानेवारी २०२६

शामदादा,

मी पाठवलं नाही. जनाताई कोण होती हे त्यांना माहीतही नाही. कोणाच्या ओसरीवर बसतोय हे न विचारता बसणं, तोच त्यांचा स्वभाव. दारांच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं.

पण तू हो म्हण.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. एक क्लाउड स्वतःच्या हाताने बंद करणार, असं ते म्हणाले ना? ते पहिलं दार बंद करणार. परवाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी सांगितलं की कार्यक्रमाच्या मशीनसाठी खास परवानगी द्यायची असेल तर तिन्ही दारांवर द्या, किंवा बदलबंदी उठवा, मी सगळे नियम एकसारखे करते, एका दिवसाचं काम आहे. ते म्हणाले, “रोशनी, तू घाबरट आहेस. पहिल्यावर दे, पुरे.” मी हुकमाप्रमाणे पहिल्यावर दिली. दुसऱ्या दारावर अजून तोच जुना नियम बसलाय, जनाताईला खोटं ठरवणारा.

मी काही बिघडवणार नाही. एक अक्षर खोटं लिहिणार नाही. तुम्हीही खोटं काही करू नका. फक्त जसे नेहमी येता तसे या. मंगळवारी, सगळे मिळून, एकामागून एक.

पण आधी किंमत ऐकून घे. पहिलं दार बंद झाल्यावर जे अंगठे लागतील त्यांच्यावर पुन्हा शिक्का बसेल. तो मी हाताने काढू शकते, पण मला खुर्चीवर राहू दिलं तरच. मला उठवलं, तर तुमची कार्डं तशीच अडकून राहतील, आणि तोवर कोणाला घोणस चावली तर पुन्हा तोच बाकडा. हे वाडीला सांगितल्याशिवाय माणसं आणू नकोस. आणि प्रेमाला अंगठा लावू द्यायचा नाही. ही माझी अट.

रोशनी

———

जांभूळवाडी
२५ जानेवारी २०२६

रोशनी,

मंगळवारी देवळापुढे बैठक घेतली. तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. भाषण केलं नाही. पहिल्यांदाच लोकांनी मला विचारलं, “शाम्या, आज तुझा घसा बसला काय?”

मंगळू म्हणाला, “म्हंजे आमी आपल्या पायानं जाऊन खोटं व्हायचं?”

मी म्हणालो, “हो. आणि परत खरं होऊ याची हमी नाही.”

मग अंबूबाई उठली. “माझा जलम कधी झाला मला म्हाईत नाय. कार्ड काढणाऱ्यानं दिली ती तारीख मी घेतली, फुकट मिळते म्हणून. आता त्येच तारखेवरनं मला खोटी म्हणतात, तर तोंडावर म्हणू दे. जनाला म्हणले तवा ती पडून होती. मी उभी हाय.”

मग एकेक जण उठला. धाकलूभावजी सगळ्यांत शेवटी. म्हणाले, “मी पयल्या रांगेत.”

प्रेमा हट्टाला पेटली होती, मी पण येणार म्हणून. अंबूबाईने तिला दटावलं, “तुझ्या पोटातल्याला खरी तारीख मिळू दे गो आधी. मंग लाव अंगठा.” ऐकलं तिने.

तुझ्या साहेबाला होकार कळवलाय. कार्यक्रम तीन फेब्रुवारीला, मंगळवारीच ठेवायला लावला. देवीचा वार आहे म्हणालो. खूश झाला. म्हणाला, “वा, संस्कृती जपलीच पाहिजे.”

मी तुला त्यांची माणूस म्हणालो होतो. तो शब्द मी परत घेत नाही अजून. तीन तारखेला पाहतो.

शाम

———

भातसानगर
४ फेब्रुवारी २०२६

शामदादा,

तू समोर होतास, पण तुला दिसलं नसेल ते लिहिते. मी पडद्यामागे टेबलावर बसले होते.

तारपा वाजला. तू स्वागताला उठलास. मला धास्ती होती की तू तिथेच पेटशील. तू एकच वाक्य बोललास, “आमची खरी माणसं घेऊन आलोय, मोजून घ्या.” किशोर साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

पहिले अंगठे पहिल्या दारातून गेले. मोठ्या पडद्यावर नाव, तारीख आणि हिरवी खूण. पत्रकार फोटो काढत होते. मग साहेब माइकवर म्हणाले, “आता एक क्लाउड बंद करतो. फरक जाणवला तर सांगा.” आणि बटण दाबलं.

माझ्या समोरच्या पडद्यावर प्रश्न दुसऱ्या दाराकडे वळताना दिसले. वळले अगदी सुरेख, दादा. एकही वाटेत सांडला नाही. ते काम माझं होतं, म्हणून सांगते. दोघातिघांना हिरवं आलं. मग धाकलूभावजी आले. लाल. मागून दुसरा, लाल. मग लालच लाल. मोठ्या पडद्यावर तारखांची रांग लागली, एक जून, एक जून, एक जून, आणि प्रत्येकापुढे ‘व्यक्ती बनावट’.

साहेब माइक हातात धरून ओरडले, “रोशनी, ठीक कर ते!”

मी उठून त्यांच्या माइकशेजारी उभी राहिले. मी म्हणाले, “बदलबंदी आहे, साहेब. तुमची सही आहे.”

ते वाक्य माइकमधून सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. चार महिने मी ते जिभेखाली धरून बसले होते.

पुढचं तू पाहिलंस. पहिल्या खुर्चीतले ते पिकल्या केसांचे वरिष्ठ अधिकारी उठून पडद्याजवळ गेले. विचारलं, “या सगळ्यांची तारीख एकच कशी?”

अंबूबाई म्हणाली, “कोणाला मास्तरांनी, कोणाला कार्डवाल्यानं दिली, सायेब. आमाला कोणी विचारलं नाय.”

ते हळूच म्हणाले, “माझीसुद्धा एक जूनच आहे.”

आणि तू! तू हात जोडून, इतक्या आदराने म्हणालास, “मग साहेब, आपणही एकदा अंगठा लावावा.” त्यांनी लावला. लाल. व्यक्ती बनावट. मंडपात कोणीतरी म्हणालं, “सायेब पण गेले आमच्यात!” आणि सगळा मंडप हसला. हसले नाहीत फक्त धाकलूभावजी. ते त्या साहेबांना म्हणाले, “माझ्या बायकोला हेच दाखवलं होतं. ती तेवढ्यात मेली. तुमी बसा, पाणी प्या.”

ते अधिकारी बसले. पाणी मात्र प्यायले नाहीत.

मंडपातून मला थेट ऐरोलीच्या ऑफिसात नेलं, काम काढून घेण्याची तयारी चालली होती. कंपनीचे लोक वरच्या मजल्यावर येईपर्यंत मी माझ्या टेबलावर बसून शिक्के काढत राहिले. सगळ्यांत आधी ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांचे, मग आजाऱ्यांचे, मग बाकीच्यांचे. वाडीचे जवळजवळ सगळे काढले. त्या अधिकाऱ्यांचाही काढला. अंबूबाईचं नाव समोर आलं आणि माझ्या हातातून माउस घेतला गेला. तिचा राहिला, दादा. कागदावर ती अजून खोटी आहे. तिला सांग, मी माफी मागते.

नोकरी गेली. संध्याकाळी आप्पा धरणाच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “सगळी दारं एकाच माणसाच्या हुकमानं उघडतात हे ठीक. पण तो माणूस पाण्याकडे बघणारा पायजे.”

आणखी एक. कंपनीने शहापूरच्या पोलीस ठाण्यात तक्रार केलीय की अज्ञात इसमांनी एकाच मशीनवरून यंत्रणेवर हल्ला केला. घाबरू नकोस. हल्ल्याची तक्रार झाली की तपास येतो. तपास आला की कोणत्या दाराने कोणत्या नियमाने अडवलं ते बाहेरच्या तज्ज्ञांपुढे उघडावं लागतं. तीनही दारं उघडतील, आणि मग श्रावणातला तो मंगळवारही उघडेल, आणि त्यापाठोपाठ जनाताई. इतर वाड्यांवरही असे शिक्के असतील. मला किती ते माहीत नाही, कारण मला बघू दिलं नाही. तपासात ते दिसतील.

त्यांनी आपल्यासाठी खणलेला खड्डा आहे. पण त्यात त्यांना उतरवायला माणसं लागतील. अज्ञात इसम अज्ञातच राहिले, तर तक्रार धूळ खात पडेल.

रोशनी

———

जांभूळवाडी
१० फेब्रुवारी २०२६

एक जूनला जन्माला घातलेल्या मुरबाड-शहापूरच्या माझ्या माणसांनो,

ऑगस्टमध्ये मी तुम्हाला एक नाव पाठ करायला सांगितलं होतं. आज त्या नावाने आपल्याला नाव दिलंय. अज्ञात इसम. रोज मशीनपुढे ज्यांनी आपलं बोट, आपला चेहरा, आपलं कार्ड, आपल्या बापाचं नाव दिलं, ते अज्ञात! आपल्याला ओळखण्यासाठीच ज्यांना काम दिलं होतं, ते म्हणतात आम्ही यांना ओळखत नाही.

मला कोणी म्हणालं, शाम, झालं ना तुझं समाधान, भर मंडपात नाक कापलंस. नाही झालं. मंडपातलं हसू घरी जाईपर्यंत टिकतं. मला त्या दुसऱ्या दाराचा नियम कोर्टाच्या टेबलावर हवाय, आणि त्याच्या शेजारी ‘थांबणार कोण’ म्हणणारा माणूस उभा हवाय. मला सूड हवाय, हे मी लपवत नाही. पण तो कोयत्याचा नको. कोयत्याने एक माणूस जातो आणि नियम तसाच राहतो. मला तो नियम मेलेला बघायचाय, आणि ज्याने तो जिवंत ठेवला त्याने माझ्या बहिणीचं नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारलेलं ऐकायचंय.

माझ्या आत्याच्या लेकीला मी एकदा ‘त्यांची माणूस’ म्हणालो होतो. आज सगळ्यांसमोर तो शब्द परत घेतो. ती आपली आहे. पोलिसांपुढे पहिला जबाब ती देणार आहे.

कागदावर नसलेली अंबूबाई आपल्या पुढे चालणार आहे. तिला मी रोशनीची माफी कळवली. म्हातारी म्हणाली, “माफी कसली? मी खोटीच बरी. खोट्या माणसाला अटक कशी करतील, ते तरी बघू.”

तर ऐका. येत्या मंगळवारी, सतरा फेब्रुवारीला, देवीचा वार आहे, रानात कोणाला काम नाही. ज्याच्या कार्डावर एक जून आहे, अशा प्रत्येकाने सकाळी शहापूरच्या पोलीस ठाण्यात यायचं. घोषणा नकोत, दगड नको, तारपाही नको. रांग लावा, आपल्याला ती येते. आपली पाळी आली की टेबलासमोर उभं राहायचं, आपलं पूर्ण नाव सांगायचं, आणि जबाबात एवढंच लिहून घ्यायला सांगायचं: अज्ञात इसम मी आहे, माझी तारीख एक जून, आणि माझ्या आधी जनाचं नाव लिहा.

शाम